प्रशिक्षण झाले, पुढे काय? शाळेत शिक्षकांच्या शिकण्याची जबाबदारी सांभाळणाऱ्यांसाठी

समासातली_नोंद (धागाकर्ती)

नमस्कार. शाळेत सहकारी शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम पाहणाऱ्या सदस्यांशी सविस्तर बोलता यावे म्हणून हा धागा काढत आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत ही जबाबदारी माझ्याकडे आली. मी भाषा शिकवते आणि अजूनही आठवड्याला १८ तासिका घेते, त्यामुळे पुढचे सगळे रोज वर्गात उभे राहणाऱ्या शिक्षिकेने लिहिले आहे असे समजून वाचावे.

पहिल्या वर्षी मी ९ कार्यशाळा घेतल्या. प्रश्न कसे विचारावेत, वाचनाचे आकलन कसे वाढवावे, गटकार्य कसे द्यावे, वह्या कशा तपासाव्यात असे विषय होते आणि ते सगळे आवश्यकच होते. काही सत्रांना बाहेरचे तज्ज्ञ आले, काही मी आणि दोन सहकाऱ्यांनी मिळून घेतली. प्रत्येक कार्यशाळेनंतर अभिप्राय पत्रके भरून घेतली आणि बहुतेकांनी ‘अतिशय उपयुक्त’ या रकान्यात खूण केली. वर्षअखेर ती पत्रके फाइलला लावताना मला मनापासून समाधान वाटले होते.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला एक छोटी गोष्ट करून पाहिली. प्रश्न विचारण्यावरच्या कार्यशाळेत आम्ही मेरी बड रो यांच्या कामावर पाऊण तास घालवला होता. अमेरिकेतील विज्ञानाच्या वर्गांचे ध्वनिमुद्रण करून त्यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात. हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढवले, तर मुलांची उत्तरे लांबतात, ‘माहीत नाही’ म्हणणारी मुले कमी होतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. कार्यशाळेत हे सर्वांना पटले होते. त्यानंतर चार महिन्यांनी, सहकाऱ्यांची रीतसर परवानगी घेऊन, मी चार वर्गांत मागच्या बाकावर सेकंदकाट्याचे घड्याळ घेऊन बसले. चौघेही उत्तम शिक्षक आहेत. चारही वर्गांत प्रश्न आणि पुढचे वाक्य यांच्यामध्ये एक सेकंद, फार तर दीड सेकंद जात होता. मग मी माझीच तासिका फोनवर मुद्रित केली आणि घरी बसून ऐकली. ज्या कार्यशाळेत मी स्वतः हा विषय मांडला होता, त्याच विषयात माझे घड्याळही त्यांच्याइतकेच चालत होते.

त्या रात्रीपासून माझ्यापुढे एकच प्रश्न आहे. आम्हा सर्वांना माहीत होते, पटले होते, करायची इच्छाही होती. तरी वर्गात उभे राहिल्यावर हात, जीभ आणि डोळे जुन्याच वाटेने गेले. शिकवणे ही बऱ्याच अंशी सवय आहे आणि व्याख्यानाने सवय बदलत नाही, एवढे मला कळले. परंतु एका शाळेत, ठरलेल्या वेळापत्रकात, कामाने आधीच थकलेल्या माणसांबरोबर ती बदलायची तर नेमके काय करावे लागते? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया तपशिलात लिहावे.

निवृत्त_मुख्याध्यापक

आपण घड्याळ घेऊन बसलात आणि नंतर तेच घड्याळ स्वतःच्या वर्गाला लावलेत, यातला दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याच अनुषंगाने माझा अनुभव लिहितो.

मुख्याध्यापक असताना पहिली सहा वर्षे मी प्रत्येक प्रशिक्षणाचे प्रास्ताविक करत असे आणि ‘कार्यालयात काम आहे’ असे सांगून निघून जात असे. काम खरोखरच असे. पण माझ्या उठून जाण्याने सभागृहात बसलेल्यांना एक गोष्ट न सांगता कळत होती : हे तुम्हाला शिकायचे आहे, मला नाही. सातव्या वर्षी एका ज्येष्ठ शिक्षिकेने मला हे शांतपणे बोलून दाखवले. तेव्हापासून मी पूर्ण वेळ बसू लागलो. मी आठवीला इतिहासाच्या दोन तासिका घेत असे. जे ठरेल ते त्या वर्गात आधी करून पाहायचे आणि पुढच्या बैठकीत काय जमले, काय फसले हे मीच सर्वप्रथम सांगायचे, असा नेम केला. माझा एक पाठ अगदी विस्कळीत झाला होता आणि तो का विस्कळीत झाला हे मी सर्वांसमोर सांगितले. त्यानंतरच्या बैठकीत पहिल्यांदा दोन शिक्षकांनी आपापले फसलेले पाठ चर्चेला आणले.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शाळाप्रमुखांच्या कामाबद्दलच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. प्रमुखाच्या कामाचे त्यांनी पाच आयाम पाडले होते. विद्यार्थ्यांच्या प्रगतीशी सर्वांत घट्ट संबंध ज्या आयामाचा आढळला, तो म्हणजे शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणे आणि त्यात स्वतः सहभागी होणे. त्याचे परिणाम-मान, म्हणजे परिणाम किती मोठा हे सांगणारा आकडा, ०.८४ इतके निघाले. त्या विश्लेषणातील अभ्यासांची संख्या मोठी नव्हती आणि संबंध आढळला म्हणजे कारण सापडले असे होत नाही, हे मी जाणतो. तरीही ‘सहभागी होणे’ हे शब्द तिथे आहेत, याकडे प्रत्येक शाळाप्रमुखाने लक्ष द्यावे असे मला कळकळीने वाटते.

दुसरी गोष्ट वेळेची. शाळा सुटल्यावर थांबवून घेतलेल्या बैठकीत कोणी शिकत नाही. तिथे सर्वांचे डोळे दाराकडे असतात. आमच्याकडे आठवड्याला एक सूचना-बैठक होत असे. त्यातील नव्वद टक्के मजकूर एका कागदावर लिहून फलकावर लावता येण्याजोगा होता. मी ती बैठक बंद केली आणि तीच ४० मिनिटे अभ्यासगटांना दिली. नवे काम सांगण्याआधी कोणते जुने काम बंद करणार हे प्रमुखाने जाहीर करावे. ते जाहीर झाल्याशिवाय शिक्षकांनी नव्या कामावर विश्वास का ठेवावा?

दशांशचिन्ह

मी गणित शिकवतो. आमच्या शाळेत कार्यशाळांपेक्षा उत्तरपत्रिकांनी आम्हाला जास्त शिकवले, म्हणून एक प्रसंग जरा विस्ताराने सांगतो.

सहावीच्या चाचणीत एक प्रश्न होता : ०.६, ०.४५ आणि ०.१२५ या संख्या उतरत्या क्रमाने लिहा. वर्गातील ३१ पैकी १९ मुलांनी बरोबर क्रम लिहिला होता. उरलेल्या १२ जणांत बहुतेकांनी ०.१२५ सर्वांत मोठी मानली होती, कारण १२५ ही ४५ आणि ६ यांच्यापेक्षा मोठी. ही चूक आम्हा सर्वांच्या ओळखीची आहे. पूर्णांकांचा नियम मुले दशांश अपूर्णांकांना लावतात. ‘त्या १२ जणांना पुन्हा शिकवू’ असे म्हणून आम्ही उठणार होतो. तेवढ्यात आमच्या एका सहकारी शिक्षिकेने विचारले, ‘ज्या १९ जणांचे बरोबर आले, त्यांचे का बरोबर आले, हे आपल्याला माहीत आहे का?’

दुसऱ्या दिवशी तिने त्या १९ मुलांना एकच प्रश्न दिला : ०.७ आणि ०.८५ यांतील मोठी संख्या कोणती आणि कशावरून? पाच मुलांनी ०.७ लिहिले. एका मुलाने कारण दिले होते, ‘०.८५ मध्ये शतांश आहेत आणि शतांश लहान असतात.’ म्हणजे ज्या संख्येत दशांशचिन्हानंतर कमी अंक, ती मोठी, असा नियम त्या मुलांनी मनाशी बांधला होता. आमच्या चाचणीतील तिन्ही संख्या नेमक्या अशा होत्या की त्या चुकीच्या नियमानेही बरोबर क्रम मिळत होता. ती पाच मुले आमच्या लेखी उत्तीर्ण होती. चूक मुलांची होती त्याहून अधिक आमच्या प्रश्नाची होती, आणि एकट्याने तपासताना ती आमच्यापैकी कोणालाही दिसली नसती.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये एक महत्त्वाचा मुद्दा मांडला होता. विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याची सर्वसाधारण कौशल्ये यांखेरीज शिक्षकाजवळ तिसरे ज्ञान लागते. अमुक घटक शिकताना मुले कुठे अडतात, कोणती समजूत घेऊन येतात आणि कोणत्या उदाहरणाने ती गाठ सुटते, याचे ते ज्ञान. मला वाटते, शाळेतील शिक्षकांनी एकत्र बसून वाढवण्याजोगे ज्ञान प्रामुख्याने हेच आहे. ‘गटकार्य’ हा विषय भाषेच्या, गणिताच्या आणि चित्रकलेच्या शिक्षकांना एकाच सभागृहात एकाच पद्धतीने सांगितला, तर प्रत्येकाला थोडे पटते आणि कोणाच्याही उद्याच्या पाठाला ते लागू पडत नाही.

त्यानंतर आम्ही जपानी शाळांतील पाठ-अभ्यासाच्या धर्तीवर काम सुरू केले. ही पद्धत तिथे शंभरहून अधिक वर्षे रुजलेली आहे. इतर देशांतील शिक्षकांचे लक्ष तिच्याकडे प्रामुख्याने १९९९ नंतर वळले. जेम्स स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट यांनी तीन देशांतील गणिताच्या पाठांच्या चित्रफितींची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा. चार-पाच शिक्षक मिळून एका पाठाचे टाचण तयार करतात, मुले काय उत्तरे देतील याचा अंदाज आधी लिहून ठेवतात, एकजण तो पाठ घेतो आणि बाकीचे वर्गात बसून मुलांकडे पाहतात. शिक्षकाकडे नव्हे, मुलांकडे, यावर सगळे अवलंबून आहे. प्रत्येक निरीक्षकाला दोन-तीन मुले वाटून दिलेली असतात. पाठानंतर ‘तुम्ही छान शिकवलेत’ असे कोणी म्हणत नाही. ‘खिडकीजवळच्या मुलीने आधी ०.८५ लिहिले, शेजारच्या मुलाची वही पाहून खोडले, आणि तिचे कारण शेवटपर्यंत कोणी विचारले नाही’ असे सांगितले जाते. पाठ सर्वांनी मिळून बसवलेला असतो, त्यामुळे तो फसला तर सर्वांचा फसतो. भीती निम्मी तिथेच कमी होते.

शेवटचा_बाक

दशांशचिन्ह यांच्या शेवटच्या वाक्याबद्दल लिहितो, कारण भीतीचा विषय निघाला आहे आणि तो घाईने सोडून देऊ नये.

मी २२ वर्षे शिकवत आहे. पूर्वीच्या एका शाळेत ‘एकमेकांचे पाठ पाहा, मोकळेपणाने नोंदी करा’ असे आम्हाला सांगण्यात आले होते. आम्ही मोकळेपणाने नोंदी केल्या. माझ्या एका सहकाऱ्याच्या पाठाबद्दल मी लिहिले होते की मागच्या दोन रांगांतील मुले शेवटची पंधरा मिनिटे काहीच करत नव्हती. त्याला मदत व्हावी म्हणूनच ते लिहिले होते आणि त्यालाही ते मान्य होते. वर्षअखेर तेच वाक्य त्याच्या गोपनीय अहवालात उतरले. त्यानंतर त्या शाळेत निरीक्षणे चालू राहिली, नोंदवह्या भरत राहिल्या, परंतु कोणत्याही नोंदीत एकही खरी गोष्ट आली नाही. त्या सहकाऱ्याच्या नजरेला नजर देणे मला पुढे कितीतरी दिवस जमले नाही.

म्हणून जबाबदारी सांभाळणाऱ्यांना माझी विनंती आहे. मूल्यमापनासाठीचे निरीक्षण आणि शिकण्यासाठीचे निरीक्षण यांत भिंत घाला, ती भिंत सर्वांना दिसू द्या आणि लेखी द्या. शिकण्यासाठी केलेल्या नोंदीचा कागद ज्याचा पाठ आहे त्याच्याकडेच राहील, त्याची प्रत कार्यालयात जाणार नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ झाले. शाळाप्रमुखाने तो एकदा जरी मोडला, तरी पुढची कित्येक वर्षे तो सांधता येत नाही.

आणखी एक सल मांडतो. जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षणात आम्हाला ‘मानसिकता बदला’ असे सांगितले जाते. जणू अनुभवी शिक्षक हट्टी असतात म्हणूनच काही बदलत नाही. माझ्या मनाला एखादी पद्धत पटण्याआधी ती माझ्या मुलांना उपयोगी पडताना मला दिसली पाहिजे, ही अपेक्षा अवाजवी आहे का?

प्रयोगवही

मुळीच अवाजवी नाही. अमेरिकी शिक्षणसंशोधक थॉमस गस्की यांनी १९८६ मध्ये हाच क्रम मांडला होता. आधी शिक्षकाचे मत बदलते, मग वागणे बदलते, मग निकाल बदलतो, असे प्रशिक्षण देणारे गृहीत धरतात. गस्की यांचे म्हणणे असे की शिक्षक आधी वर्गात काहीतरी वेगळे करून पाहतो, मुलांच्या शिकण्यात फरक दिसला तर त्यानंतर त्याचे मत बदलते. त्यामुळे प्रशिक्षण देणाऱ्याने पटवण्यात कमी वेळ घालवावा आणि लहानसा, लवकर फळ दिसणारा प्रयोग करायला साहाय्य करावे, हे अधिक फलदायी ठरते.

मी विज्ञान शिकवते आणि पुराव्याबाबत थोडी सावध असते, म्हणून या धाग्यात काही गोष्टींची भर घालते. ‘एकदिवसीय कार्यशाळा निरुपयोगी, दीर्घकालीन प्रशिक्षण उपयोगी’ असे सरसकट म्हटले जाते. त्यामागे बऱ्याचदा २००७ मधील एका अमेरिकी आढाव्याचा आधार असतो. त्यात १३०० हून अधिक अभ्यास पाहिले गेले आणि पुराव्याच्या कसोटीला फक्त ९ उतरले. त्या ९ अभ्यासांत १४ तासांपेक्षा जास्त प्रशिक्षण असलेल्या ठिकाणी मुलांच्या प्रगतीवर चांगला परिणाम दिसला. परंतु ९ अभ्यासांवरून तासांचा नियम बांधणे योग्य नाही. त्याच देशात २००८ मध्ये दुसरीच्या वाचनाबद्दलचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे काही शाळांना दीर्घ प्रशिक्षण दिले गेले, काहींना नाही. शिक्षकांचे ज्ञान वाढले, अध्यापनाच्या एका पद्धतीत बदलही दिसला, पण वर्षअखेर मुलांच्या वाचनाच्या गुणांत लक्षणीय फरक आढळला नाही. समासातली_नोंद यांचा घड्याळाचा अनुभव आणि हा निष्कर्ष एकाच दिशेने बोट दाखवतात. तास वाढवून अंतर आपोआप मिटत नाही. त्या तासांत काय घडते ते पाहावे लागते.

मग काय घडावे? ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी संशोधकांनी १९८० च्या सुमारासच सांगितले होते की तत्त्व सांगणे, करून दाखवणे, सराव, अभिप्राय आणि प्रत्यक्ष वर्गातील साहाय्य असे प्रशिक्षणाचे घटक असतात आणि शेवटचा घटक नसेल तर बाकीचे वर्गापर्यंत पोहोचत नाहीत. इंग्लंडमधील एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत अशी १४ कार्यतंत्रे दिली आहेत आणि त्यांचे चार गट केले आहेत : ज्ञान देणे, प्रवृत्त करणे, तंत्र घडवणे आणि ते अंगवळणी पाडणे. आपल्या बहुतेक कार्यशाळा पहिल्या दोन गटांत संपतात. तिसऱ्या आणि चौथ्या गटासाठी कोणाच्याही वेळापत्रकात जागा नसते.

२०१८ मध्ये मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांना वैयक्तिक मार्गदर्शन देणाऱ्या कार्यक्रमांच्या ६० अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. अध्यापनावर ०.४९ आणि विद्यार्थ्यांच्या गुणांवर ०.१८ प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत याचे माप) इतका सरासरी परिणाम निघाला, जो शिक्षण क्षेत्रात चांगलाच म्हणावा लागेल. मात्र कार्यक्रम जसजसा मोठा होत गेला तसतसा परिणाम घटत गेला. माझ्या मते यातून एकेका शाळेने बळ घ्यावे : हे काम लहान प्रमाणावर, ओळखीच्या माणसांत चांगले होते.

समासातली_नोंद

सर्वांचे मनापासून आभार. शेवटचा_बाक, तुमचा नियम मी उद्याच मुख्याध्यापकांकडून लेखी घेणार आहे. मी घड्याळ घेऊन बसले तेव्हा परवानगी घेतली होती, पण त्या नोंदींचे पुढे काय होणार हे मी सहकाऱ्यांना सांगितले नव्हते. ते सांगायला हवे होते, हे तुमचा प्रतिसाद वाचताना लक्षात आले.

प्रयोगवही, अंगवळणी पाडण्याचा मुद्दा मला पटला, पण ‘वैयक्तिक मार्गदर्शन’ म्हणजे प्रत्यक्षात दोन माणसांनी समोरासमोर बसून काय करायचे हे डोळ्यांपुढे येत नाही. कोणी सांगू शकेल का?

मोकळी_तासिका

मी दोन वर्षे हे काम करत आहे, त्यामुळे एका भेटीचे वर्णन करते.

एक तरुण शिक्षक सातवीला भूगोल शिकवतो. त्याने स्वतःहून सांगितले होते की चर्चेत तीच चार मुले बोलतात. मी त्याच्या वर्गात १५ मिनिटे बसले. पूर्ण तासिका बसण्याची गरज नसते. दुपारी आम्ही भेटलो तेव्हा मी त्याला एकच गोष्ट सांगितली : ‘तुम्ही विचारलेत, वाळवंटात रात्री थंडी का पडते? तिसऱ्या रांगेतील मुलीने बोलण्यासाठी तोंड उघडले. त्याच क्षणी तुम्ही प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारलात. तिने तोंड मिटले. मग पहिल्या बाकावरच्या मुलाने उत्तर दिले.’ तो काही वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘शांतता झाली की मला वाटते, प्रश्न समजला नाही.’

त्याच्या या एका वाक्यात खरी अडचण होती. ‘प्रश्नानंतर थांबत जा’ एवढेच सांगून मी निघून आले असते, तर ती कळली नसती. मग आम्ही रिकाम्या वर्गात गेलो. तो फळ्याजवळ उभा राहिला, मी तिसऱ्या रांगेत बसले. त्याने उद्याच्या पाठातील प्रश्न विचारला आणि हाताची घडी घालून मनात तीनपर्यंत मोजले. पहिल्यांदा दोनलाच बोलला. दुसऱ्यांदा जमले, पण नजर सारखी पहिल्या बाकाकडे जात होती. तिसऱ्यांदा त्याने मागच्या रांगांवरून सावकाश नजर फिरवली. असे आम्ही पाच वेळा केले, सगळे मिळून १० मिनिटे लागली. मोठ्या माणसांना रिकाम्या वर्गात असा सराव करायला सुरुवातीला अवघडल्यासारखे होते. म्हणून मी आधी माझा प्रश्न घेऊन फळ्याजवळ उभी राहते आणि त्यांना बाकावर बसवते. गायक रियाज करतो, खेळाडू सराव करतो, आणि शिक्षकाने मात्र प्रत्येक नवी गोष्ट पहिल्यांदाच थेट ४० मुलांसमोर करावी, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा १५ मिनिटे बसले आणि तीच एक गोष्ट पाहिली. त्याचा फळा अस्ताव्यस्त होता, त्याबद्दल मी बोलले नाही. एका वेळी एकच.

दोन_वर्ग

वाचून खूप शिकायला मिळत आहे. पण आमच्या शाळेत आम्ही दोघेच शिक्षक आहोत आणि दोघेही दिवसभर वर्गात असतो. एकाने दुसऱ्याचा पाठ पाहायचा तर एक वर्ग मोकळा सोडावा लागतो. आमच्यासारख्यांनी काय करावे?

दशांशचिन्ह

पाठ पाहता आला नाही तरी वह्या पाहता येतात. दोघांनी आठवड्यातून एकदा पाच-पाच वह्या अदलाबदल करून वाचाव्यात आणि मुलाने असे का लिहिले असेल एवढाच एक प्रश्न घ्यावा. विषय वेगळे असले तरी हरकत नाही. परक्या विषयाच्या शिक्षकाला कधी कधी आपल्या सवयीच्या नजरेतून निसटलेले दिसते. जवळच्या एखाद्या शाळेत तुमचाच विषय शिकवणारे कोणी असतील, तर मुलांची नावे झाकून उत्तरांची छायाचित्रे पाठवता येतील. त्याखेरीज स्वतःच्या पाठाचे दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करता येते, जे धागाकर्त्या ताईंनी केले आहेच. ते ऐकण्याची हिंमत हवी, बाकी काही लागत नाही.

निवृत्त_मुख्याध्यापक

एका बाबतीत थोडे वेगळे मत नोंदवतो. वरच्या प्रतिसादांवरून असा समज होऊ शकतो की प्रत्येक शिक्षकाने आपापली अडचण निवडावी आणि शाळेने फक्त सोय करावी. मी असे एक वर्ष केले. १४ शिक्षकांनी १४ विषय निवडले आणि वर्षअखेर एकमेकांशी बोलण्यासारखे काही उरले नाही. उलट सर्वांवर एकच विषय लादला, तेव्हा वरवरचे पालन झाले. माझ्या अनुभवात मधली वाट टिकली : मुलांच्या कामावरून दिसलेली एक अडचण शाळेने वर्षासाठी ठरवायची, उदाहरणार्थ मुले उत्तराचे कारण देत नाहीत, आणि आपल्या विषयात तिच्यावर कोणत्या मार्गाने काम करायचे हे प्रत्येक विषयगटाने ठरवायचे. नवख्या शिक्षकाला अधिक बांधीव साहाय्य लागते, अनुभवी शिक्षकाला अधिक मोकळीक. दोघांना एकच साचा दिला तर दोघांचाही वेळ जातो.

एक वर्ष, एक अडचण. दुसऱ्या वर्षी तीच चालू ठेवावी लागली तरी संकोच करू नये. दर वर्षी नवा उपक्रम जाहीर करणाऱ्या शाळेत शिक्षक वाट पाहायला शिकतात; हेही जाईल, हे त्यांना ठाऊक असते.

समासातली_नोंद

नऊ आठवड्यांनी परत येऊन लिहीत आहे. धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व, पण ज्यांनी इतक्या आपुलकीने लिहिले त्यांना पुढे काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

आम्ही या वर्षी कार्यशाळा दोनच ठेवल्या. मुख्याध्यापकांनी सूचना-बैठक बंद केली आणि निरीक्षणाच्या नोंदी कार्यालयात येणार नाहीत असे लेखी पत्रक काढले. ते पत्रक शिक्षक कक्षाच्या फलकावर अजून आहे. पहिल्या गटात आम्ही सहाजण आहोत. अडचण ठरवली ती अशी : मुले उत्तर देतात, कारण देत नाहीत. पहिल्या बैठकीत मी माझ्या मुद्रित तासिकेतील चार मिनिटे ऐकवली. ऐकवताना माझे हात थरथरत होते. ती संपल्यावर कोणी माझ्याबद्दल काही बोलले नाही. आमचे विज्ञानाचे सर म्हणाले, ‘तो मुलगा “कारण की” म्हणून थांबला, ते पुन्हा ऐकवा.’ आम्ही ते तीन वेळा ऐकले. त्याचे वाक्य मी पूर्ण केले होते.

पहिल्या तीन आठवड्यांत सर्वांचे थांबणे वाढले. चाचणीच्या आठवड्यात ते पुन्हा पूर्वीच्या जागी आले, अभ्यासक्रम पुरा करण्याच्या घाईत थांबायला कोणाला जमले नाही. त्यानंतरच्या बैठकीत आम्ही रिकाम्या वर्गात सराव केला आणि चौघांचे पुन्हा वाढले. दोघांचे नाही. त्या दोघांपैकी एका बाईंनी फार मोलाची गोष्ट सांगितली. त्यांच्या वर्गात शांतता झाली की काही मुले घाबरतात, आपल्यालाच उठवतील म्हणून खाली पाहतात. आता त्या थांबताना मुलांना वहीच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहायला सांगतात आणि मग विचारतात. गेल्या आठवड्यात मी त्यांच्या वर्गात १५ मिनिटे बसले होते. मला वाटून दिलेल्या तीन मुलांपैकी एकाने कोपऱ्यात लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले आणि नंतर स्वतःहून हात वर केला. त्याचे उत्तर चुकीचे होते, पण त्याने कारण दिले होते आणि त्या कारणावर वर्गात पुढची सहा मिनिटे चर्चा झाली. हीच पद्धत आता उरलेले पाचजण आपापल्या विषयात करून पाहत आहोत.

एक अडचण उरली आहे आणि तिच्याबद्दल पुन्हा तुमचा सल्ला हवा आहे. पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात आम्हा सहाजणांच्या मोकळ्या तासिका एका वेळी येत नाहीत. दोघांच्या वेगळ्या दिवशी पडल्या आहेत. गट तीन-तीनचा करावा, की वेळापत्रक करणाऱ्या सहकाऱ्यांना दोन वर्गांच्या तासिका बदलण्याची विनंती करावी? पहिल्या पर्यायात त्या बाई आणि विज्ञानाचे सर वेगळ्या गटांत जातात, आणि गेल्या तीन बैठकांत ज्या चर्चेतून आम्ही सर्वाधिक शिकलो, ती या दोघांमध्येच झाली होती. वेळापत्रक येत्या शनिवारी नक्की होणार आहे.

निवृत्त_मुख्याध्यापक

तासिका बदलून घ्या. मात्र विनंती आपण न करता मुख्याध्यापकांनी करावी, आणि कारण म्हणून त्या मुलाच्या वहीचा कोपरा वेळापत्रक करणाऱ्यांना दाखवावा.